सगळ्या लेकरांना दोन भाषांतून शिकवायचं का? निजामाच्या मराठवाड्यातून एक वळसा

पेटची तयारी करणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो : "विषय कसा निवडायचा?" याचं उत्तर सुट्या सल्ल्यांनी देता येत नाही, एखादा विषय हातात घेऊन सोलूनच दाखवावा लागतो. आज तेच करू. विषय असा घेऊ की ज्यावर घरातल्या प्रत्येकाला मत आहे : सगळ्या मुलांना दोन भाषांतून शिक्षण मिळावं का?

मतं कुठून येतात ते तुम्हाला माहीत आहे. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी लावणारा शासन निर्णय निघाला, गदारोळ झाला, २९ जूनला सरकारने निर्णय मागे घेतला आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिकडे पहिलीपासून इंग्रजी २००० सालापासून आहेच. गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी मराठीतून अशी सेमी-इंग्रजीची सोय नांदेड-लातूरच्या बहुतेक नावाजलेल्या मराठी शाळांत आहे. बालभारतीने पहिलीसाठी द्वैभाषिक पुस्तकंही काढून बघितली. म्हणजे दोन भाषा वर्गात आल्याच आहेत. भांडण आहे ते कोणत्या, कधी आणि कोणासाठी यावर.

आता बघा, "मिळावं का" हा धोरणाचा प्रश्न झाला. इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्याचं उत्तर थेट देता येत नाही, आणि मुलाखतीत तसं द्यायला गेलात तर समोरचे गाईड हसतील. आपण प्रश्न असा फिरवायचा : आपल्याच जिल्ह्यात हे पूर्वी कधी घडलं होतं का? घडलं असेल तर दुसरी भाषा कोणाला मिळाली, कोणत्या इयत्तेत मिळाली, आणि त्याची किंमत कोणी मोजली? एवढे तीन प्रश्न विचारले की कागदं शोधता येतात.

आणि आपल्याकडे ते घडलेलं आहे. फार मोठ्या प्रमाणावर घडलेलं आहे.

हैदराबाद संस्थानात १९०१ च्या जनगणनेनुसार शंभरातले साधारण ४६ लोक तेलुगू, २६ मराठी, १४ कानडी आणि १० उर्दू बोलणारे होते. कारभाराची भाषा आधी फारसी होती, १८८० च्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. कोर्ट, पोलीस, महसूल, सगळं उर्दूत. मराठवाड्यातल्या माणसाला सातबारा म्हणा, फिर्याद म्हणा, ज्या भाषेत लिहून घ्यावी लागे ती त्याच्या घरची नव्हती. म्हणून पाटील-कुलकर्णी, वकील, व्यापारी अशा घरांत उर्दू शिकणं हा पोटापाण्याचा भाग होता. हा एक प्रकारचा द्वैभाषिकपणाच, पण शाळेतून आलेला नव्हे, कचेरीने लादलेला.

मग १९१७ आलं. सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने सर अकबर हैदरी यांच्या निवेदनावरून उस्मानिया विद्यापीठाचा फर्मान काढला. १९१८ मध्ये विद्यापीठाची स्थापना झाली आणि १९१९ मध्ये वर्ग सुरू झाले. इथे जरा थांबायला पाहिजे, कारण आपल्याकडे उस्मानियाचा विषय निघाला की एकतर "मराठी दाबली" असं एका वाक्यात संपवतात, नाहीतर "केवढं मोठं काम" म्हणून कौतुक करून सोडून देतात. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही अर्धं आहे.

हैदरींचा मुद्दा काय होता? मुलं परक्या भाषेतून शिकली की त्यांची सगळी शक्ती पाठांतरात जाते, विचार करायला उरतच नाही. म्हणून उच्च शिक्षण देशी भाषेतून द्यायचं. हा युक्तिवाद आज मराठी शाळांच्या बाजूने बोलणारा कुणीही जसाच्या तसा करेल. त्या वेळी मुंबई, मद्रास, कलकत्ता सगळीकडे उच्च शिक्षण इंग्रजीत होतं. उस्मानियाने मात्र बी. ए. तर सोडाच, पुढे वैद्यक आणि इंजिनिअरिंगसुद्धा उर्दूतून शिकवलं. त्यासाठी भाषांतर विभाग उघडला, दारुल तर्जुमा. त्याचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक. हे गृहस्थ औरंगाबादला शाळा तपासनीस होते आणि पुढे तिथल्या इंटरमिजिएट कॉलेजचे प्राचार्यही झाले. रसायनशास्त्रापासून कायद्यापर्यंत परिभाषा घडवली गेली, पुस्तकं भाषांतरित झाली. शिवाय फर्मानातच होतं की इंग्रजी हा विषय सगळ्यांना सक्तीचा राहील. म्हणजे आजच्या भाषेत सांगायचं तर हा पूर्ण विचार करून आखलेला द्वैभाषिक कार्यक्रम होता : ज्ञान देशी भाषेतून, जगाशी संपर्क इंग्रजीतून.

गडबड एका शब्दात होती. "देशी भाषा" म्हणजे कोणाची? शंभरातल्या दहांची. बाकीच्या नव्वदांसाठी उर्दू हीच दुसरी भाषा होती आणि इंग्रजी तिसरी. आणि जी त्यांची पहिली, ती? ती प्राथमिक शाळेपर्यंत. धोरण असं होतं की सुरुवातीचं शिक्षण मुलाच्या भाषेत, माध्यमिकपासून उर्दू. लातूर-नांदेडकडच्या लेकरासाठी मराठी ही एक पायरी होती, चढून झाली की मागे टाकायची.

मी माझ्या टिपणांत याला "वळणाची शिडी" म्हणतो. शिडीच्या पहिल्या चार पायऱ्या एका भाषेत असतात आणि पाचव्या पायरीला शिडी वळते. वळणावर बरेच जण पडतात. पडणाऱ्यांची नोंद कुणी ठेवत नाही. वर पोचलेल्यांची आत्मचरित्रं मात्र आपल्याला ग्रंथालयात मिळतात. संशोधन करताना हे डोक्यात पक्कं ठेवा. स्वातंत्र्यसैनिकांच्या आठवणी वाचून "तेव्हा सगळ्यांना उर्दू येत होतं" असं लिहू नका. १९३१ साली संस्थानात साक्षरांचं प्रमाणच शंभरात पाचच्या आसपास होतं. माध्यमाचा वाद त्या पाचांपुरता होता, उरलेल्या पंचाण्णवांच्या दारात कोणत्याच भाषेची शाळा आली नव्हती. त्यातही बाया आणि अस्पृश्य मानलेल्या जातींची मुलं कुठे होती हे वेगळं सांगायला नको. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला कॉलेज काढलं ते १९५० मध्ये, संस्थान संपल्यानंतर.

अजून एक गोष्ट याच चित्रात बसते, पण तिच्याकडे फार कुणी बघत नाही. त्याच हैदराबाद शहरात निजाम कॉलेज होतं, १८८७ पासूनचं. ते इंग्रजी माध्यमाचं आणि मद्रास विद्यापीठाला जोडलेलं. उस्मानिया सुरू झाल्यावरसुद्धा ते तसंच चालू राहिलं आणि जहागीरदारांची, बड्या अधिकाऱ्यांची मुलं तिकडे जात राहिली. देशी भाषेतून शिक्षणाचा प्रयोग संस्थानाने केला खरा, पण ज्यांच्या हातात संस्थान होतं त्यांनी आपल्या पोरांसाठी दुसरी वाट मोकळी ठेवली. आज मराठी शाळांवर भाषणं देणाऱ्यांची नातवंडं कुठल्या शाळेत आहेत हे विचारायचा मोह मला इथे होतो, पण तो आपला विषय नाही.

मराठी समाजाने काय केलं? स्वतःच्या शाळा काढल्या. १९०७ मध्ये हैदराबादला विवेकवर्धिनी आणि गुलबर्ग्याला नूतन विद्यालय, १९१७ मध्ये अंबाजोगाईला योगेश्वरी. १९२० च्या दशकात खाजगी शाळेला सरकारी परवानगी सक्तीची झाली आणि काम अवघड झालं. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या हिप्परग्याला १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली होती. १९२९ च्या सुमारास तिथे आलेले शिक्षक म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ, जे पुढे अंबाजोगाईला गेले आणि तिथून राजकारणात. ज्या माणसाच्या नावाचं विद्यापीठ आज नांदेडला आहे, तो आधी भाषेच्या प्रश्नातून आलेला शाळामास्तर होता. स्वतः जन्मलेला सिंदगीला, विजापूर जिल्ह्यात, कानडी मुलखात. त्याने मराठी शाळा चालवल्या आणि आत्मकथन इंग्रजीत लिहिलं. एका भाषेची बाजू घेणारी बरीच माणसं स्वतः तीन-चार भाषांत वावरणारी होती, हे जरूर टिपून ठेवा.

दोन भाषांचा उपयोग काय झाला याची सगळ्यात चांगली साक्ष आपल्याच लातूर जिल्ह्यात आहे. सेतुमाधवराव पगडी, जन्म १९१०, निलंगा. निलंगा तेव्हा बीदर जिल्ह्यात. हैदराबादच्या मुलकी सेवेत अधिकारी, पुढे महाराष्ट्राच्या गॅझेटियर विभागाचे संपादक. मराठी, उर्दू, फारसी, इंग्रजी, तेलुगू, कानडी तर आल्याच, पण आदिलाबादकडे नोकरीत असताना गोंडी आणि कोलामी शिकून त्यांची व्याकरणं लिहिली. भीमसेन सक्सेना हा औरंगजेबाच्या दक्षिणेतल्या मोहिमांत वावरलेला माणूस. त्याच्या फारसी आठवणी पगडींनी मराठीत आणल्या. मराठ्यांच्या इतिहासाकडे मोगलांच्या कागदातून बघायची सोय मराठी वाचकाला झाली ती अशा माणसांमुळे. पी. व्ही. नरसिंह राव हे याच संस्थानातले. १९३८ च्या वंदे मातरम् चळवळीत विद्यार्थ्यांना उस्मानियातून काढलं, नागपूर विद्यापीठाने त्यांना घेतलं, त्या पिढीतले. त्यांनी हरिभाऊंच्या 'पण लक्षात कोण घेतो'चं तेलुगूत भाषांतर केलं. आणि उलट्या दिशेचं उदाहरण पाहिजे असेल तर डॉ. यू. म. पठाण : संतसाहित्याचे अभ्यासक, मराठवाडा विद्यापीठात मराठीचे विभागप्रमुख, १९९० च्या पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष.

या नावांवरून "बघा, बहुभाषिक व्यवस्था किती चांगली होती" असा निष्कर्ष काढायची घाई करू नका. हे शिडीचं वळण पार केलेले लोक. पण त्यांच्याकडे बघून एवढं म्हणता येतं की दुसरी भाषा मिळाली आणि पहिली सुटली नाही, तेव्हा काय हाती लागतं. पगडींची मराठी उर्दूने गिळली नाही.

आता १९४८ नंतरचं. १७ सप्टेंबरला संस्थान संपलं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत शाळांचं माध्यम फिरलं. मराठवाड्यात मराठी, तेलंगणात तेलुगू, खुद्द उस्मानियात इंग्रजी. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं, जोडलेलं उस्मानियालाच. मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळायला २३ ऑगस्ट १९५८ उजाडलं. एक मुलगा कल्पना करा, देगलूरचा, १९३६ चा जन्म. चौथीपर्यंत मराठी. मग उर्दू माध्यम. बाराव्या वर्षी पोलीस ॲक्शन, माध्यम पुन्हा मराठी. मॅट्रिक होऊन नांदेडला आला तर वर्गात इंग्रजी. अठरा वर्षांत तीन वळणं, आणि प्रत्येक वळणावर आधीची भाषा निरुपयोगी ठरवली गेली. त्याच्या मोठ्या भावाचं काय, जो उर्दूतून शिकून कारकून झाला होता? उर्दू माध्यमाच्या मास्तरांचं काय? नांदेड, उदगीर, औसा इथल्या मुसलमान घरांतल्या मुलांचं काय, ज्यांची भाषा राज्याची भाषा होती आणि एका वर्षात अल्पसंख्याकांची झाली? मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात या प्रश्नांना फार जागा मिळालेली नाही. तुमच्यातल्या कुणाला विषय पाहिजे असेल तर हा घ्या. तोंडी इतिहास गोळा करायला माणसं अजून आहेत, पण नव्वदीच्या घरातली आहेत, एवढं लक्षात असू द्या.

उर्दू लादलेली होती म्हणून ती गेली, याचं वाईट वाटायचं कारण नाही, असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही, आणि कारण अगदी व्यवहारातलं आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. काम होतं निजामकालीन कागदांत कुणबी नोंदी शोधण्याचं. कागद कुठल्या लिपीत? मोडीत, उर्दूत, फारसीत. तहसीलमध्ये बसून ते वाचणारा माणूस शोधायला लागला. ज्या भाषेत आपल्या पणज्याची जमीन, जात, कर्ज लिहून ठेवलंय ती भाषा तीन पिढ्यांत आपल्या जिल्ह्यातून वाचण्यापुरतीसुद्धा नाहीशी झाली, आणि एका माणसाचं प्रमाणपत्र त्या वाचणाऱ्यावर अडून राहिलं. संशोधकाचंही तेच. नांदेडमध्ये मराठवाड्याच्या इतिहासावर पीएच.डी. करणारे आपण बहुतेक जण मराठी आणि इंग्रजी साधनांवर अवलंबून असतो. म्हणजे १९४८ पूर्वीच्या सरकारची बाजू आपण सरकारच्या विरोधकांकडून ऐकतो. उर्दू वाचणारा मुसलमान मित्र शेजारच्या विभागात असतो आणि मोडी वाचणारे काका गावात; दोघं एका टेबलावर येत नाहीत.

मग मूळ प्रश्नाकडे. माझं मत विचाराल तर : होय, सगळ्यांना. पण निजामाच्या मराठवाड्याने जे दाखवलं ते धरून.

आजचं सेमी-इंग्रजी मला बरंचसं वळणाची शिडीच वाटतं. दहावीपर्यंत इतिहास-भूगोल मराठीत, अकरावी सायन्सला गेलं की सगळं इंग्रजी. लातूर पॅटर्नचं नाव ऐकून आसपासच्या तालुक्यांतून, शेजारच्या जिल्ह्यांतून पोरं येतात; त्यातली कितीतरी मराठी माध्यमाची. नीट मराठीत देता येते, जेईई मेनसुद्धा २०२१ पासून मराठीत आहे. पण दोन वर्षं वर्ग, नोट्स, टेस्ट सिरीज सगळं इंग्रजीत असताना पेपर मराठीत देऊन करणार काय? परीक्षेने दार उघडलं, पण दारापर्यंतचा रस्ता कुणी बांधला नाही. उस्मानियाने निदान आधी दारुल तर्जुमा काढला होता, हे मान्य करावं लागतं. पुस्तकं आणि परिभाषा आधी, वर्ग नंतर.

भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी एक फरक दाखवला आहे, तो इथे कामाचा आहे. बोलण्यापुरती दुसरी भाषा मूल साधारण दोन वर्षांत उचलतं. तिच्यात विज्ञान, इतिहास समजून घेऊन लिहायचं तर पाच ते सात वर्षं जातात. म्हणजे अकरावीत माध्यम बदलून बारावीत निकाल मागायचा, हे हिशोबातच बसत नाही. ज्यांचं बसतं त्यांच्या घरी किंवा ट्यूशनला आधीपासून इंग्रजी असतं. वकिलाच्या घरात जशी उर्दू असायची, तसं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विज्ञान-गणिताची द्वैभाषिक पुस्तकं काढायची शिफारस आहे. ती बारावीपर्यंत, पुढे पदवीपर्यंत नेली तर ते जुन्या व्यवस्थेपेक्षा वेगळं होईल. एका पानावर प्रकाशसंश्लेषण, समोरच्या पानावर त्याचं इंग्रजी. आणि दुसरी भाषा फक्त वरच्या दिशेची कशाला? किनवट-धर्माबादच्या बाजारात तेलुगू चालते, देवणी-उदगीरकडे कानडी, नांदेड शहरात उर्दू घरोघर आहे आणि गुरुद्वाराच्या भोवती पंजाबी. ही पोरं शाळेत येतात तेव्हा दोन भाषा घेऊनच येतात, शाळा त्यातली एक दाराबाहेर काढून ठेवायला लावते. मराठी माध्यमाच्या पोराला वर्षभर उर्दू लिपी शिकवली तर काय बिघडेल? सक्ती मात्र नको. सक्तीने भाषेचं काय होतं ते आपण बघितलंय.

काम करायचं असेल त्यांच्यासाठी थोडं. निजामाच्या काळात लातूर गाव उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, आणि उदगीर, अहमदपूर, निलंगा बीदर जिल्ह्यात; १ नोव्हेंबर १९५६ ला ते इकडे आले. लातूर जिल्हा स्वतः १६ ऑगस्ट १९८२ चा. त्यामुळे "लातूर" या नावाखाली जुनी फाईल शोधत बसू नका. संस्थानाचं दफ्तर हैदराबादला तारनाक्याच्या पुराभिलेखागारात आहे. कागदावर फसली सन असेल, त्यात ५९० मिळवा की इसवी सन येतो. पण फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं, म्हणून १३४६ फसली म्हणजे १९३६-३७ असं जोडून लिहा. उर्दू लिपी वाचायला रोज तासभर दिला तर छापील मजकूर काही महिन्यांत जमतो. घसटलेल्या हस्ताक्षराला जास्त वेळ आणि एखादा धीराचा उस्ताद लागतो.

आणि हे सगळं जमायच्या आधी सुरू करता येईल असं एक साधन प्रत्येक जुन्या शाळेच्या कपाटात असतं : दाखल-खारीजचं रजिस्टर. तुमच्या तालुक्यातली १९४८ च्या आधीची एक शाळा गाठा, मुख्याध्यापकांना रीतसर अर्ज द्या आणि १९४५ ते १९५५ ची पानं बघा. कोणत्या इयत्तेत नावं गळतात, कोणाची गळतात, नोंद कोणत्या भाषेत आहे आणि ती कोणत्या तारखेला बदलते, एवढंच आधी वहीत उतरवून घ्या.